पहिली वेलांटी

[दृश्य: ठाणे स्टेशन, संध्याकाळ. फलाट क्रमांक १ वरची गर्दी जिना चढून सॅटिसवर, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या उंच पुलावर, येते. गलका हळूहळू विरतो.]

निवेदन:

१६ एप्रिल १८५३. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून गाडी सुटली. १४ डबे, ४००च्या आसपास पाहुणे, आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. एवढं आपण शाळेतच घोकलेलं असतं. पण ती गाडी ज्या गावात येऊन थांबली, तिथं त्या दिवशी काय धांदल उडाली असेल? पाणी कुणी भरलं? पोरं कुठल्या झाडावर चढली? धसका घेऊन दारं लावून कोण बसलं?

नौपाड्यातल्या तिघांना यावर व्हिडिओ गेम करायचाय.

[दृश्य: दुसऱ्या मजल्यावरची खोली. टेबलावर दोन लॅपटॉप, चहाचे कप, दुरेघी वह्यांचा गठ्ठा.]

कोड लिहितो तो भाचा. दिवसा ऐरोलीत नोकरी, रात्री हे. चित्रं त्याच्या वर्गमैत्रिणीची. आणि संवाद लिहितात त्याच्या मावशी, मराठीच्या निवृत्त शिक्षिका. पत्त्यांच्या सॉलिटेअरपलीकडे आपण कुठलाही गेम खेळलेलो नाही, हे मावशी जरा अभिमानानंच सांगतात.

हा रोल-प्लेइंग गेम आहे. खेळणारा होतो पखालवाल्याची बारा वर्षांची मुलगी. मारामारी नाही. तलावापासून स्टेशनापर्यंत फिरायचं, माणसांशी बोलायचं, एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवायचा. कोपिनेश्वराच्या दारात कुणी भेटेल, तुरुंग झालेल्या किल्ल्याचा शिपाई भेटेल. संध्याकाळी गाडी येते तेव्हा मुलगी कुठं, कुणाशेजारी उभी आहे, त्यावर शेवट ठरतो. थोडक्यात, गेमचा सगळा जीव बोलण्यात. मावशींच्या चार वह्या भरल्यात.

आता इंजिन हवं. "साहिब, सिंध की सुलतान?" हा विनोद या खोलीत माझ्या कॅमेऱ्यासमोर तीनदा झाला. तिन्ही वेळा मीच हसलो.

[दृश्य: पडद्यावर चौकटींचा नकाशा. एक ठिपक्याएवढी मुलगी भिंतीला धडकून थांबते.]

नकाशा दाखवणं, पात्राला भिंतीशी अडवणं, आवाज वाजवणं, ही हमाली गेम इंजिन करतं. आपल्या गेमचे नियम तेवढे आपण सांगायचे. ते सांगायच्या तऱ्हा दोन. एक, खिडक्या उघडून पर्याय निवडत जायचे. दोन, स्क्रिप्ट लिहायची, म्हणजे संगणकाच्या भाषेत ओळीओळीनं सूचना. जपानमधून आलेलं आरपीजी मेकर पहिल्या तऱ्हेसाठी जगभर नावाजलेलं. २००४च्या एक्सपी आवृत्तीत त्यात रुबी भाषेतली स्क्रिप्ट आली, २०१५च्या एमव्हीत जावास्क्रिप्ट. साधन चांगलं आहे, पण विकत घ्यावं लागतं. भाच्याची तक्रार मात्र पैशांची नाही.

"लोहाराला पाणी दिलंय का, हे मला चाळीस ठिकाणी तपासायचंय," तो म्हणतो. "चाळीस खिडक्या कोण उघडणार? मला साधी मजकुराची फाइल पाहिजे. शब्द शोधता आला पाहिजे, बदलता आला पाहिजे, आणि मावशीनं मागच्या आठवड्यात खोडलेलं परत काढता आलं पाहिजे."

"मी खोडलं ते बरोबरच खोडलं होतं," मावशी.

फुकटचा आग्रहही नुसता खिशासाठी नव्हता. १२ सप्टेंबर २०२३ला युनिटी या बड्या इंजिनाच्या कंपनीनं जाहीर केलं, की ठरावीक मर्यादेपुढे गेलेला गेम जितक्यांदा फोनवर किंवा संगणकावर बसवला जाईल तितकं शुल्क गेम करणाऱ्यानं द्यायचं, जानेवारी २०२४पासून. गदारोळ झाला, नियम सौम्य केले गेले, आणि वर्षभरानं, सप्टेंबर २०२४मध्ये, ते शुल्क रद्दच झालं. मात्र दुसऱ्याच्या वाड्यात भाड्यानं राहणाऱ्याला मालक कधी काय म्हणेल सांगता येत नाही, हे सगळ्यांना कळून चुकलं. म्हणून या तिघांना ज्याचा कोडच सगळ्यांसाठी खुला आहे असं इंजिन हवं होतं.

[दृश्य: भिंतीवर चिकटवलेला कागद. नावं, त्यावर फुल्या.]

यादी लांबलचक नव्हती, पण गमतीची होती. पहिलंच नाव ओएचआरआरपीजीसीई. मावशींनी ते दोनदा वाचायला लावलं. हॅम्स्टर रिपब्लिक नावानं चालणारं हे जुनं इंजिन. आधी क्विकबेसिक या संगणकाच्या भाषेत लिहिलेलं, मग फ्रीबेसिकमध्ये नेलेलं. त्याच्या स्क्रिप्टची भाषा हॅम्स्टरस्पीक. जीव लावावा असं प्रकरण, पण त्यात अक्षरांचा तक्ता २५६ चिन्हांचा आणि प्रत्येक चिन्हाला ८ बाय ८ ठिपक्यांची चौकट. देवनागरीला वर रफार, मात्रा, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. आठातली एक ओळ शिरोरेघच खाऊन टाकते. फुली.

मग सोलारस. याची स्क्रिप्ट लुआ भाषेत. लुआ म्हणजे पोर्तुगीजमध्ये चंद्र. १९९३मध्ये ब्राझीलमधल्या रिओच्या विद्यापीठात ती तयार झाली. सोलारसचा साचा तलवार-ढाल घेऊन धावणाऱ्या साहसाचा. आमच्या पखालवाल्याच्या पोरीकडे तलवार नाही, घागर आहे.

रेनपायवर मात्र मावशी भाळल्या. पायथन या संगणकाच्या भाषेवर उभं असलेलं, २००४पासूनचं, चित्रकथेसारख्या गेमसाठी केलेलं इंजिन. त्यात संवाद लिहायची रीत अशी, की ओळीच्या सुरुवातीला पात्राचं नाव आणि पुढे अवतरणात वाक्य. बस्स.

"ही तर नाटकाची संहिता झाली," मावशी म्हणाल्या. "हे मी उद्यापासून लिहीन. मला बाकी काही शिकवू नका."

अडचण एवढीच, की गावभर हिंडण्याचा नकाशा रेनपायमध्ये तयार मिळत नाही. तो आपला आपण उभा करावा लागतो. भाच्याला हवं होतं गोडो. अर्जेंटिनातल्या दोघांनी केलेलं, २०१४मध्ये एमआयटी परवान्याखाली खुलं झालेलं. त्याची जीडीस्क्रिप्ट पायथनसारखीच दिसते. पूर्ण संपादक एका फाइलीत, बसवायची कटकट नाही. परवान्याची सूचना सोबत ठेवा, मग गेम वाटा नाहीतर विका. कुणाला हिशेब द्यायचा नाही.

दोन आठवडे वाद चालला. तो मिटला एका वाक्यानं.

[दृश्य: दुरेघी वही जवळून. शाईचं, वळणदार अक्षर.]

मावशींनी वहीत लिहिलं: "तऱ्हेवाईक कीर्तनकार द्विधा मनःस्थितीत, मृदुंग घेऊन, डोळे मिटून किल्ल्याच्या पायऱ्यांवर उभा." आणि म्हणाल्या, "हे जो नीट लिहून दाखवेल, तो पास."

वरवर गंमत, पण त्यात बहुतेक सगळे सापळे आहेत. संगणकाच्या पोटात 'कि' साठवला जातो तो आधी क, मग वेलांटी. दाखवताना मात्र पहिली वेलांटी क-च्या अलीकडे आणावी लागते. 'कीर्त'मधला र त-च्या डोक्यावर चढवायचा. 'तऱ्हे'मधला र मात्र तिथं चढत नाही, तो आडवा होऊन ह-ला चिकटतो. 'ल्ल्या'मध्ये तीन व्यंजनं एकमेकांत गुंतलेली. रोमन अक्षरं एकापुढे एक ठेवली की काम झालं. आपली अक्षरं जुळवावी लागतात. ज्या इंजिनात ही जुळणी नाही, त्यात कितीही सुंदर मराठी फाँट घाला, उपयोग शून्य.

एका जुन्या साधनात (नाव नको) ते वाक्य टाकलं. वेलांट्या उजवीकडे पळाल्या. कीर्तनकाराचा र पाय मोडून पडला आणि त शेजारी बघत उभा. मावशींनी चष्मा सरसावला. "पहिलीतल्या मुलानं असं लिहिलं असतं, तर मी त्याच्या आईला बोलावलं असतं."

गोडोची तिसरी आवृत्तीही या परीक्षेला बसू शकली नसती. जुळणी तिच्यात नव्हतीच. मार्च २०२३मध्ये चौथी आली, तीत मजकुराची यंत्रणा नव्यानं लिहिलेली होती आणि आत हर्फबझ होतं. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड यांच्या पडद्यांवर आपण मराठी वाचतो, ते जुळवण्याचं कामही हेच हर्फबझ करतं. नाव फारसीवरून: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुलं. फाँट घेतला मुक्ता, मुंबईच्याच 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या मंडळींचा आणि तोही खुल्या परवान्याचा. मैत्रिणीला ठिपक्याठिपक्यांची, जुन्या गेमसारखी अक्षरं हवी होती. ती दोन दिवस रुसली.

[दृश्य: पडदा. वाक्य उमटतं. ऱ्ह, र्त, ल्ल्या, सगळं जागच्या जागी.]

मावशींनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. पास. आणि रेनपायचं काय? भाच्यानं तडजोड केली. मावशी लिहिणार संहितेसारखंच, नाव आणि पुढे वाक्य, साध्या फाइलीत. ती फाइल वाचून संवाद दाखवणारी स्क्रिप्ट त्यानं गोडोमध्ये लिहिली. पात्रांची नावं देवनागरीतच: लोहार, शिपाई, पखालवाला.

पण ऐका. या प्रकारच्या गेममध्ये वाक्य एकदम येत नाही, एकेक अक्षर टाइप झाल्यासारखं येतं. आणि तिथं घोळ झाला. आधी नुसता क उमटायचा, मग डावीकडून वेलांटी उगवायची आणि क बिचारा उजवीकडे सरकायचा. 'पायऱ्या'त आधी ऱ दिसायचा, मग पाय मोडायचा, मग य आला की आडवा व्हायचा. ओळ नुसती चुळबुळत होती.

"हा कीर्तनकार आहे की तोतरा?" मावशी.

गोडोमध्ये यावर उपाय आहे, फक्त तो निवडावा लागतो: अक्षरं जुळवण्याआधी मोजत जायची, की सगळी ओळ जुळवून मग उघडत न्यायची. सुरुवातीला निवडलेलं असतं ते पहिलं. भाच्यानं एक ओळ बदलली.

[दृश्य: रात्र. खिडकीबाहेर दिवे. पडद्यावर कीर्तनकार, डोळे मिटून. वाक्य स्थिर, एकेक अक्षर करत उमटतं.]

मावशींनी दोनदा वाचलं. मग वहीचं पान उलटलं.

"विसर्ग जरा बारीक वाटतोय," त्या म्हणाल्या. "असू दे. आता शिपायाचं घे."