शीरखुर्म्याची वाटी

(दृश्य : सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली अंगणवाडी. दुपारची वेळ.)

तीन ते सहा वर्षांची ही मुलं. हात धुऊन झाले, 'वदनी कवळ घेता' म्हणून झालं, आता खिचडी. कुणाच्या गळ्यात काळा दोरा, कुणाच्या ताईत. दोघींचं भांडण जुंपलंय, पण ते फुलाच्या ताटलीवरून. कोण कुठल्या धर्माची, हे अजून त्यांच्या खेळात आलेलं नाही.

ते यायला फार दिवस लागत नाहीत.

मी एवढाच होतो. ईदला शेजारच्या चाचींकडून शीरखुर्म्याची वाटी यायची. आजी हसून घ्यायची, "कशाला गं एवढं" म्हणायची. चाची वळल्या की परसात जाऊन म्हशीच्या घमेल्यात ओतायची. मला कुणी काही सांगितलं नाही. मी नुसता दारात उभा असायचो.

(दृश्य : सातारा शहर, धनिणीची बाग.)

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं आणि सगळ्यांची चूल एक केली. मराठा, जैन, मुसलमान आणि तेव्हा अस्पृश्य ठरवलेल्या घरांतली मुलं एकत्र राहिली, हातानं रांधून एका पंगतीत जेवली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. त्या काळात घरच्यांना हे पचणं किती अवघड गेलं असेल! पण ज्यानं रोज दुसऱ्याच्या हातची भाकरी खाल्ली, त्याला 'त्यांच्या हातचं खायचं नसतं' हे कोण पटवणार? भाऊरावांचं मोठेपण मला या चुलीपाशी दिसतं.

(दृश्य : पुसेसावळीचा रस्ता.)

याच जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, सप्टेंबर २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या पोस्टवरून जमाव मशिदीवर चालून गेला. एका तरुणाचा जीव गेला. नंतर चर्चा झाली ती मोबाईलची. मोबाईल हातात येण्याआधीच्या वर्षांत, घरात जेवताना, त्या पोरांच्या कानावर काय पडत होतं? ते मला विचारावंसं वाटतं.

(दृश्य : पुन्हा अंगणवाडी. रिकाम्या ताटल्या.)

आमच्याकडे वाटी रिकामी परत करत नसत. आजी तिच्यात साखर घालायची आणि माझ्या हाती द्यायची.

चाची दारातच विचारायच्या, "आवडला का रे?"

मी "हो" म्हणायचो.