पहारेकरी आणि घर

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय ‘अलर्ट कोणाला, केव्हा आणि कसे’ असा छापला आहे (अलर्ट म्हणजे संकेतस्थळात बिघाड झाल्याची आपोआप येणारी सूचना) आणि त्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एक जुनी फजिती सांगण्याची परवानगी द्या, कारण पुढचे सगळे मी तिच्यामुळेच शिकलो.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेचे संकेतस्थळ मी सांभाळत असे. साइट चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी मी मोठ्या हौसेने एक स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, लिहिली होती. ती दर ५ मिनिटांनी मुखपृष्ठ मागवी, उत्तरात २०० हा ‘सारे ठीक’ सांगणारा कोड आला की लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलीत, एक ओळ लिही आणि तो आला नाही तर मला मेल पाठवी. ही स्क्रिप्ट ठेवली होती त्याच सर्व्हरवर, आणि मेलही तिथूनच सुटत असे. आपल्यापैकी जे हसले, त्यांनीही कधीतरी असेच केले असावे, असा माझा अंदाज आहे.

एका शुक्रवारी रात्री डिस्क काठोकाठ भरली. डेटाबेसला लिहायला जागा उरली नाही, त्यामुळे लॉगिन बंद पडले आणि अर्ज भरले जाईनात. पण मुखपृष्ठ कॅशमधून, म्हणजे आधीच साठवलेल्या प्रतीतून, येत असल्यामुळे ते मात्र झोकात उघडत होते. पुढे तेही पडले, तेव्हा स्क्रिप्टला ते कळले असणार. पण मेल पाठवण्याआधी तो डिस्कवर रांगेत ठेवावा लागतो आणि डिस्कवर तर तीळ ठेवायलाही जागा नव्हती. शनिवार आणि रविवार मी निर्धास्त होतो, कारण मेल नाही म्हणजे सारे ठीक, अशी माझी समजूत होती. सोमवारी सकाळी एका त्रासलेल्या वापरकर्त्याचा फोन आला. मी लॉग उघडला तेव्हा त्याची शेवटची ओळ ‘स्टेटस २०’ इथेच तुटलेली होती. तिसऱ्या आकड्यापुरतीही जागा उरली नव्हती.

माझा मुद्दा एवढाच आहे की, ज्या घरावर नजर ठेवायची त्याच घरात पहारेकऱ्याने राहू नये. ही चूक माझ्यासारख्या एकट्यादुकट्याचीच होते असे मात्र नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी एका आज्ञेत चुकीचा तपशील दिला गेल्यामुळे ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवणसेवा एका मोठ्या विभागात कोलमडली. त्या वेळी सेवांची स्थिती दाखवणारा फलकसुद्धा सुरुवातीला बदलता येईना, कारण तो बदलण्याची यंत्रणा एस-थ्रीवरच अवलंबून होती. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे ६ तास नाहीसे झाले. देखभालीच्या एका आज्ञेने त्यांचे अंतर्गत जाळे तुटले, त्यांच्या डीएनएस सर्व्हरांपर्यंत (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रांपर्यंत) पोहोचण्याच्या वाटा इंटरनेटवरून मागे घेतल्या गेल्या आणि दुरुस्तीसाठी लागणारी अंतर्गत साधनेही त्याच डीएनएसवर उभी असल्याने तीही हाताशी राहिली नाहीत. शेवटी अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले.

जाता जाता माझी एक तक्रार नोंदवतो. ‘काहीतरी चुकले आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा’ असे लिहिलेले पान २०० हा कोड लावून पाठवणाऱ्या प्रोग्रामरांना मी अद्याप क्षमा केलेली नाही. वाचणाऱ्या माणसाला चूक कळते, पण मॉनिटरला, म्हणजे साइटवर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रामला, मात्र सगळे छान असल्याचे सांगितले जाते. बिघाड असेल तर ५०० किंवा ५०३ हे बिघाडाचे कोड पाठवायला काय जड जाते? तोपर्यंत नुसत्या कोडवर विसंबू नका. लॉगिननंतर दिसणारा एखादा ठरावीक शब्द पानावर खरोखर आहे का, तेही तपासा.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा कबूल केलेला विषय आता भरभर उरकतो. ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे ३० दिवसांत सुमारे ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा, आणि ९९.९९ टक्के म्हटले की जेमतेम ४ मिनिटे. म्हणून ५ मिनिटांनी एकदा तपासून दुसऱ्या आकड्याचे आश्वासन कोणी देऊ नये. तपासणी निरनिराळ्या ठिकाणांहून करावी, आणि एकाच ठिकाणाहून साइट दिसेनाशी झाली तर कोणाची झोप मोडू नये, कारण रात्री तीनदा खोटा अलर्ट आला की चौथ्या वेळी माणूस फोन उशीखाली सारतो. साइट पडल्याचा अलर्ट फोनवर यावा. डिस्क ८० टक्के भरल्याची किंवा साइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत संपत आल्याची सूचना दिवसा मेलने आली तरी चालते, पण ती आलीच पाहिजे, कारण ३ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्ट टीम्ससुद्धा सर्टिफिकेटची मुदत संपल्यामुळेच काही तास बंद पडले होते. पहिल्या माणसाने ठरावीक वेळात ‘पाहतो’ असे कळवले नाही, तर निरोप आपोआप दुसऱ्याकडे जावा.

राहता राहिला प्रश्न, पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा? रात्रीच्या बॅकअपसारख्या कामांनी आणि खुद्द मॉनिटरनेही दुसरीकडच्या एखाद्या सेवेला ठरल्या वेळी हाक द्यावी, आणि ती हाक आली नाही की त्या सेवेने आपल्याला उठवावे. त्याखेरीज मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चाचणीचे एक पान मुद्दाम बंद करतो आणि फोन वाजेपर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजतो. गेल्या वेळी ४ मिनिटे लागली, आणि त्यांतली जवळजवळ ३ मिनिटे लागोपाठ तीनदा खात्री करून घेण्याच्या माझ्याच अटीत गेली.