कोब्यावर कोबा : दांडिया बाजारातली एक अगाशी

[दृश्य : दोरीने खाली उतरणारी डबराची घमेली]

पहिल्या दिवशी आम्ही घमेली मोजत होतो. शंभरीनंतर मोजायचं सोडून दिलं.

वडोदरा, दांडिया बाजार. गच्चीला बाहेरचे मराठी लोक गच्ची म्हणतात, इथले अगाशी. दिवाळी झाली आणि या घराची अगाशी फोडायला घेतली.

[दृश्य : फोडलेल्या कडेचा जवळून शॉट]

ही कड नीट बघा. खाली स्लॅब. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा. त्यावर चायना मोझॅक, ऊन परतवण्यासाठी बसवलेले पांढऱ्या लादीचे तुकडे. त्यावर पुन्हा कोबा आणि मग लाल फरशी. छत गळलं की वरून एक थर, आपल्याकडे हाच उपाय. ३० बाय २० फुटांच्या अगाशीवर चार इंचांचा कोबा घातला, तर वजन दहा टनांच्या घरात जातं. ते कोणाच्या डोक्यावर? खालीच झोपणाऱ्या माणसांच्या.

वरचे थर निघाले, वॉटरप्रूफिंगचा पडदा नवा बसला. तेव्हा आमचा कॅमेरा नव्हता, पण गळती थांबवतो तो हाच पडदा. पुढे जे दिसेल ते त्याला न दुखावता वर चालता यावं म्हणून.

[दृश्य : पोत्यातून ओतलेले काळे पेडेस्टल]

हे पेडेस्टल, लादीला खालून उचलून धरणारा पाय. प्लास्टिकचं, खाली ताटलीसारखी बैठक, मधे जाड आट्यांचा स्क्रू, वर डोकं. डोकं फिरवलं की उंची वाढते, उलट फिरवलं की उतरते. दोन सूत हवं तर दोन सूत. डोक्यावर चार कान. चार लाद्यांचे चार कोपरे या एकाच डोक्यावर येऊन बसतात आणि कानांच्या जाडीएवढी, तीन-चार मिलिमीटरची, फट मधे राहते. भिंतीकडेला दोनच कोपरे येतात, तिथे नको ते कान मिस्त्री पक्कडीने मोडतो. कट्. हा आवाज दिवसभर चालू होता.

[दृश्य : पाण्याची नळी धरलेले दोघे]

पातळी बघायला लेझर आहे मिस्त्रींकडे. तरी नळी आहेच, तिच्यावर भरवसा जास्त.

अगाशीला ढाळ असतो, असायलाच हवा. शंभरात एक धरला तर ३० फुटांत साडेतीन इंच उतार. म्हणून वरच्या टोकाला पेडेस्टल बुटकं, पावसाचं पाणी नेणाऱ्या पाइपच्या तोंडाशी उंच. खाली पाणी आपल्या उतारानं जातं, वर खुर्ची डुगडुगत नाही. हाच ढाळ सिमेंटने भरून सपाट केला असता, तर पाणी जागेवरच साचलं असतं.

[दृश्य : पहिली लादी बसते]

लादी दोन सेंटिमीटर जाडीची, दोन फुटी चौरस, मोरबीची. एकीचं वजन सोळा-सतरा किलो. सिमेंट नाही, चिकटवणं नाही, नुसती ठेवायची. १५ ओळी, ओळीत १० लाद्या : दीडशे लाद्यांना १७६ पेडेस्टल. सगळं मिळून अडीच टन. मघाचे दहा टन आठवा.

घरच्या आजी जिन्याच्या तोंडाशी उभ्या.
"अरे भाई, हे हालणार नाही ना?"
मिस्त्री लादीच्या कोपऱ्यावर उभा राहिला. "नहीं हाले, बा."
आजींनी चप्पल काढली आणि स्वतः उभ्या राहून पाहिलं.

[दृश्य : १४ जानेवारी, पतंगांनी भरलेलं आभाळ]

उत्तरायण. इथे काही बोलत नाही, बघा.

[दृश्य : रेलिंग]

फरशी उंच झाल्यामुळे पाइपकडचा कठडा बुटका झाला होता, ही रेलिंग आदल्याच दिवशी बसली. खर्च साध्या फरशीपेक्षा जास्त आला. जड वस्तू जोरात पडली तर लादी फुटू शकते, खाली पोकळी आहे. बाकी ठीक.

[दृश्य : पहिला पाऊस, फटींतून उतरणारं पाणी]

पाऊस. पाणी लादीवर थांबत नाही. पडतं, पसरतं, फटीत शिरतं. पहिल्या आठवड्यात खालचं छत कोरडं होतं.

दुसऱ्या आठवड्यात पाइपपाशी पाणी तुंबल्याचा आवाज आला. पूर्वी अशा वेळी छिन्नी निघायची. आता मिस्त्रींनी काच उचलायचा रबरी कप लादीवर दाबला, खटका ओढला आणि लादी उचलून बाजूला ठेवली. पाइपच्या तोंडात उत्तरायणाचा मांजा, पिंपळाच्या पानांत गुंतलेला, मुठीएवढा गोळा. तो काढला. लादी परत जागेवर. घड्याळात चार मिनिटं.