सोनेगावची मध्यरात्र

नमस्कार मंडळी. आज नागपूरच्या विमानतळाबद्दल बोलायचंय, पण प्रवाशांबद्दल नाही, मालाबद्दल. खोकी, पेट्या, थैल्या, बर्फात ठेवलेली औषधं, मशीनचे सुटे भाग. वीस वर्षं मी ह्याच लाइनीत आहे, माल बुक करायचा, कागद करायचे, गाडी लावायची, आणि ह्या वीस वर्षांत "नागपूर कार्गो हब होणार", म्हणजे चहूकडचा माल इथे येऊन विमान बदलून पुढे जाणार, हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की मुलं मोठी झाली तरी वाक्य तेच आहे. तरी मला ते व्हावंसं वाटतं, मनापासून वाटतं, आणि का वाटतं त्याचं कारण माझ्या घरातच आहे.

बाबा टपाल खात्यात होते. आई सांगायची की सुरुवातीच्या वर्षांत "आज सोनेगावला ड्यूटी", म्हणजे विमानतळावर, असं म्हटलं की समजायचं, हे आता उजाडल्यावरच येणार. कारण त्या काळी नागपूरचा विमानतळ रात्री जागा असायचा. जानेवारी १९४९ मध्ये देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली आणि तिचं सगळं गणित नागपूरवर बसवलेलं होतं. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही गावांहून रात्री विमान निघायचं, सुरुवातीला तर ती डाकोटा विमानं होती, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला चारही सोनेगावला येऊन उभी राहायची. मग थैल्यांची अदलाबदल. मद्रासच्या थैल्या दिल्लीच्या विमानात, कलकत्त्याच्या मुंबईच्या विमानात, आणि ते झालं की जो तो आपापल्या गावी परत, पहाटेच्या आत. त्याच वर्षी एप्रिलपासून, रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, साधं पत्रसुद्धा जादा तिकीट न लावता विमानानं जायला लागलं. कलकत्त्यात संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत, विचार करा, १९४९ साली!

आता अमेरिकेतल्या मेम्फिसचं ऐका. १७ एप्रिल १९७३ च्या रात्री तिथून फेडेक्स ह्या कुरिअर कंपनीनं काम सुरू केलं, १४ छोटी विमानं, २५ शहरं आणि पहिल्या रात्री फक्त १८६ पाकिटं. पद्धत काय, तर सगळीकडून विमानं रात्री मधल्या गावात आणायची, माल बदलायचा, परत पाठवायची. आज मेम्फिस जगातल्या सगळ्यात मोठ्या कार्गो विमानतळांमध्ये आहे. आणि हीच पद्धत आपल्या सोनेगावला त्याच्या चोवीस वर्षं आधी चालू होती. ती पुढे सत्तरच्या दशकात बंद पडली आणि आपण विसरून गेलो. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं.

हे सांगायचं कारण असं की हब म्हटलं की आपल्याकडे लगेच बांधकामाचं चित्र डोळ्यासमोर येतं, मोठं टर्मिनल, लांब धावपट्टी, काचा. बाबांना विचारलं तर ते एकच सांगतात, "अरे, चार विमानं एका वेळेला आली पाहिजेत, बाकी सगळं नंतर." म्हणजे हब हे आधी टाइमटेबल असतं. एक विमान अर्धा तास उशिरा आलं तर बाकीची तीन त्याच्यासाठी खोळंबतात किंवा त्याचा माल सोडून जातात, म्हणून मधलं गाव असं लागतं जिथून सगळीकडे साधारण दीड-दोन तासांत पोचता येतं आणि जिथे दिल्लीसारखं धुकं आठवडा-आठवडा बसत नाही. दोन्ही गोष्टी नागपूरला देवानं फुकट दिल्यात.

मग अडलं कुठे? मिहान, म्हणजे विमानतळाभोवतीचा मालवाहतुकीचा आणि उद्योगांचा मोठा प्रकल्प, त्याच्यासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ मध्ये झाली. कल्पना मोठी होती, विमानतळ, त्याला लागून सेझ (करसवलतीचं औद्योगिक क्षेत्र), रेल्वे आणि रस्त्याचा माल एकाच ठिकाणी, दुसरी धावपट्टी तर आराखड्यात होतीच. मग विमानतळ खासगी कंपनीला चालवायला द्यायचं टेंडर निघालं, ते २०२० मध्ये रद्द झालं, ज्या खासगी कंपनीला ते मिळालं होतं ती हायकोर्टात गेली, २०२१ मध्ये निकाल तिच्या बाजूनं, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं तोच कायम केला, तरी प्रकरण मिटायला २०२४ उजाडलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुमारे ७००० कोटींच्या विस्ताराची पायाभरणी झाली. ह्या सगळ्यात जी वर्षं गेली त्यात माल काही आपल्यासाठी थांबला नाही, तो मुंबईला गेला, हैदराबादला गेला, दिल्लीला गेला.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो, काहींना आवडणार नाही. विमानतळाची कुठलीही सभा असली की संत्र्याचा विषय निघतोच, नागपुरी संत्रं विमानानं दुबईला जाईल वगैरे. थोडंफार जाईल, जावं, पण संत्र्यावर हब उभं राहत नाही. विमानाचं भाडं किलोवर असतं, आणि जड, पाणीदार, स्वस्त फळाला ते झेपत नाही. जगाच्या व्यापारात विमानानं जाणारा माल वजनानं एक टक्क्याहूनही कमी आहे पण किमतीनं साधारण एक तृतीयांश आहे, ह्यावरूनच समजा तिथे काय जातं ते. संत्र्याला पाहिजे चांगलं कोल्ड स्टोरेज, ग्रेडिंग, रेल्वेचा डबा आणि बांगलादेशची ड्यूटी जरा कमी. शेतकऱ्याला विमानाचं स्वप्न दाखवून त्याचा खरा प्रश्न मागे ठेवू नये एवढंच माझं म्हणणं.

विमानात बसणारा माल आपल्याकडे आहे की! मिहानमध्ये औषधांचे कारखाने आहेत, बोईंग ७८७ चे फ्लोअर बीम, म्हणजे विमानाच्या जमिनीखालच्या तुळया, इथे बनल्यात, फाल्कन ह्या छोट्या खासगी जेट विमानाचे भाग बनतात आणि आता ते अख्खं विमानच इथे जोडायचं ठरलंय, एअर इंडियासाठी उभारलेला विमान दुरुस्तीचा मोठा हँगर आहे. विमान दुरुस्तीला उभं असेल आणि एक पार्ट नसेल तर तो पार्ट जहाजानं नाही मागवत कोणी. वरून ऑनलाइन खरेदीची पार्सलं, मोबाइलचे स्पेअर, लॅबची सँपल्स. हा माल हलका, महाग आणि घाईचा. हबचा माल हा.

पण इथेच ट्रकवाल्यांना ठाऊक असलेली एक अडचण येते, परतीचं भाडं. नागपूरहून भरून गेलेली गाडी रिकामी परत आली तर जाताना मिळालेलं सगळं डिझेलात जातं. विमानाचं तसंच, फक्त आकडे मोठे. बोईंग ७३७ चं मालवाहू विमान वीस-बावीस टन नेतं, ७७७ शंभर टनांच्या आसपास, आणि असं विमान एका बाजूनं रिकामं उडवायला कोणीच तयार होत नाही. त्यामुळे आज आपला बराचसा हवाई माल प्रवासी विमानाच्या पोटातून जातो, ज्याला आमच्याकडे बेली म्हणतात. शारजा, दोहाच्या विमानात बॅगा भरून जी जागा उरेल ती आपली. सणाच्या दिवसांत बॅगाच इतक्या असतात की बुक केलेला माल ऑफलोड होतो, म्हणजे खाली राहतो, आणि पार्टीला, म्हणजे माल पाठवणाऱ्याला, फोन करून सांगताना घसा कोरडा पडतो.

त्यातच समृद्धी महामार्ग झाला. ७०१ किलोमीटर, पहिला टप्पा डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये तो पूर्ण झाला. लोक म्हणतात ह्यानं नागपूरला फायदा. होईल, पण रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो हो. आता माझी गाडी रात्री निघून सकाळी मुंबईच्या वेशीवर असते, तिथे रोज डझनांनी आंतरराष्ट्रीय विमानं आहेत आणि जोडीला नवी मुंबईचा विमानतळही आलाय. मग पार्टी म्हणते, नागपूरहून कशाला, तिकडेच पाठव. नागपूरला जर जास्त वेळ आणि जास्त पैसे लागत असतील तर तिला काय चुकीचं म्हणायचं?

एक प्रसंग सांगतो, मे महिन्यातला. पारा ४५ च्या वर. औषधांची शिपमेंट होती, थंडच ठेवायची. कुठल्या विमानतळावर, कोणाच्या ताब्यात, ते सांगत नाही, पण एका कागदावरच्या सहीसाठी खोकी उघड्यावर उन्हात उभी राहिली. सही करणारे साहेब जेवायला गेले होते. मी गाडीतली ताडपत्री काढून खोक्यांवर धरली, दोन हमाल आणि मी, चाळीस मिनिटं. आतल्या तापमानाच्या यंत्रानं सगळं नोंदवलं होतं, माल नाकारला गेला, सगळाच्या सगळा फेकला. कुठल्यातरी दवाखान्यात ती औषधं पोचायची होती. तेव्हापासून मला धावपट्टी ३२०० मीटरची आहे की ४००० ची ह्यापेक्षा कोल्ड रूमच्या दारापासून विमानाच्या दारापर्यंत सावली आहे का, आणि कस्टमचा माणूस रात्री दोन वाजता टेबलावर आहे का, ह्याची जास्त काळजी वाटते.

रात्रीचा विषय निघालाच आहे तर हेही बोलायला पाहिजे. हब रात्री चालतं, म्हणजे आवाज रात्री होतो. ब्रुसेल्सनं जादा रात्रीची विमानं नाकारली म्हणून डीएचएल ह्या कुरिअर कंपनीनं आपलं युरोपातलं मुख्य हब जर्मनीत लाइपझिगला नेलं, २००८ मध्ये ते सुरू झालं. तिथले रहिवासी आजही आवाजाबद्दल भांडतात. आपल्याकडे सोनेगाव, जयताळा, वर्धा रोड, सगळी वस्ती धावपट्टीला टेकलेली. आणि शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, कलकुही ह्या गावांनी तर मिहानसाठी जमिनीच दिल्या, मोबदल्यासाठी आणि पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं भांडले. त्या घरातल्या पोरांना गोदामात नुसती हमाली मिळणार का फोर्कलिफ्ट चालवायचं, एक्स-रे स्क्रीनिंगचं, डेंजरस गुड्सचं, म्हणजे धोकादायक माल हाताळायचं, सर्टिफिकेट मिळणार? हे कोर्स काही महिन्यांचे नसतात, आठवड्यांचे असतात. आत्ता सुरू केले तर टर्मिनल उभं राहायच्या आधी पोरं तयार असतील.

जे कारखानदार, औषधवाले, दुकानदार मला ऐकतायत त्यांना एक विनंती. पुढच्या वेळी माल विमानानं पाठवाल तेव्हा एजंटला विचारा की हा नागपूरहून का नाही जात. भाडं जास्त आहे, का जागा नाही, का कागद वेळेवर होत नाहीत? कारण, वजन आणि तारीख, तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा. शंभर जणांच्या अशा वह्या एकत्र आल्या ना, की कुठल्या रात्री, कुठल्या दिशेला, किती टन माल खरंच तयार आहे ते दिसेल, आणि विमान कंपनीकडे जाताना आपल्या हातात भाषणाऐवजी तोच कागद असेल. माझी वही मी मार्चपासून सुरू केलीय.