बोट हलतंय, तरी मोडलेलं असू शकतं

नमस्कार, श्रोतेहो. दारात पोराचं बोट सापडलं की घरात कुणीतरी हमखास म्हणतं, "हलवून दाखव बरं. हलतंय ना? मग हाड शाबूत आहे." यावर मुळीच विसंबू नका. बोट वाकवणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात. हाडाला तडा गेला तरी ते दोरी ओढावी तसं बोट ओढतात.

त्यापेक्षा उजेडात दोन्ही हात शेजारी धरून बघा. नखाखाली काळंनिळं पडून ठणका लागला असेल, तर तिथे रक्त साकळलंय. घरी सुई टोचू नका. डॉक्टर नखाला बारीक भोक पाडतात आणि ठणका उतरतो. नीट बघायचं ते नखाचं मूळ. ते कातडीतून निसटून वर आलंय, नख दुसऱ्या हातापेक्षा लांब दिसतंय, मुळाशी रक्त आहे आणि शेवटचं पेर किंचित वाकलंय? मग हाडाची वाढ जिथून होते ती पट्टी मोडलेली असू शकते आणि जखम थेट हाडाशी पोचलेली. ही जखम 'नख उखडलंय' म्हणून हळद लावून बांधली जाते, आत पू होतो, बोट आखूड राहू शकतं. त्याच दिवशी एक्स-रे हवा, बाजूनेही काढलेला.

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेटचा झेल घेताना चेंडू बोटाच्या टोकावर बसतो. नंतर टोक खाली लोंबतं, पोराला स्वतःहून सरळ करता येत नाही. याला टोक सरळ धरून ठेवणारी कडक पट्टी 6 ते 8 आठवडे, रात्रंदिवस. अंघोळीला काढली आणि टोक एकदा वाकलं, की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

आता हळूच मूठ वळायला सांगा. सगळी बोटं अंगठ्याच्या बुडाकडे झुकली पाहिजेत. एखादं शेजारच्यावर चढलं, तर हाड मोडून फिरलंय. ते ओढून बसवू नका, कुणाला बसवू देऊ नका.

घाटाच्या पायरीवर ठेच लागून पायाची करंगळी सुजली आणि ती सरळ असेल, तर मध्ये कापूस ठेवून शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधा. पायाचा अंगठा सुजला तर मात्र एक्स-रे काढाच.

आणि तान्ह्या बाळाच्या आयांनो, बाळंतपणानंतर तुमचे केस गळतात. थंडीत बाळाच्या पायमोज्यात एखादा केस जातो आणि बोटाला आवळून बसतो. बाळ काही केल्या रडायचं थांबत नसेल, तर पायमोजे काढून एकेक बोट बघा. लाल-जांभळं, सुजलेलं बोट आणि त्याभोवती खोल वळ दिसला, तर केस दिसो वा न दिसो, तासाभरात दवाखाना गाठा.