खिळे जुळवणाऱ्या मुली

सस्नेह नमस्कार.

श्रद्धा आणि तंत्रज्ञान यांविषयी तरुणांशी बोलावे, असे मंडळाने सुचवले तेव्हा मला प्रथम आठवले ते केडगावचे मुक्ती मिशन. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून ज्या निराधार मुली आणि विधवा पंडिता रमाबाईंनी आणल्या, त्यांना अन्न आणि प्रार्थना देऊन त्या थांबल्या नाहीत. शेती, विणकाम आणि छापखान्याचे कामही त्यांनी तेथील स्त्रियांना शिकवले आणि अंध स्त्रियांसाठी ब्रेलच्या शिक्षणाची सोय केली. साध्या बाईलाही कळेल अशा मराठीत बायबल आणायचे म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, जुळवणाऱ्या हातांमध्ये मुक्तीतल्या स्त्रियांचे हात होते. त्यांच्यासाठी छापखाना हेच नवे तंत्रज्ञान होते, आणि ज्यांना अक्षरओळखही मिळण्याची शक्यता नव्हती, त्यांच्या हाती ते श्रद्धेने दिले.

आपल्या चर्चमध्ये मात्र तरुणांना बहुधा एवढेच ऐकू येते की फोन बाजूला ठेवा. मीही ते घरी पुष्कळदा म्हटले आहे, आणि त्याचा उपयोग किती झाला हे सांगायला नको. मिलानमध्ये वाढलेला आणि २००६ मध्ये पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेलेला कार्लो अकुतिस व्हिडिओ गेमवर आठवड्याला एकच तास घालवी, असे सांगतात. त्याला २०२५ मध्ये कॅथलिक चर्चने संत घोषित केले. संतपदाची प्रथा न पाळणाऱ्या आमच्या प्रॉटेस्टंट घरांनीही त्या एका तासापेक्षा त्याने आपल्या श्रद्धेविषयी तयार केलेल्या वेबसाइटकडे अधिक पाहावे, असे मला वाटते.

कलेचेही तसेच आहे. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या कवी नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन मागे टाकले नाही. पाश्चात्य चालींची सवय झालेल्या उपासनेत ते त्यांनी मानाने आणले.

टिळकांची भजने तोंडपाठ असलेली ज्येष्ठ मंडळी आज या सभागृहात बसली आहेत. गीतपुस्तकात शब्द आहेत, पण त्यांच्या गावच्या चर्चमधल्या चाली नाहीत. तरुणांपैकी ज्यांना ध्वनिमुद्रण आणि संकलन जमते, त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावे. नावे आजच लिहून घेऊ.