डबीवरचा नंबर

[दृश्य: जानेवारी, सकाळी पावणेसात. रेंजचं पत्र्याचं छप्पर, दवाने भिजलेलं गवत. लांबून गडगडाट ऐकू येतो.]

जानेवारीत ढग कुठले? देवळालीकडे तोफांचा सराव चाललाय. नाशिककर या आवाजाला मान वर करूनसुद्धा बघत नाही. फार तर चहाची बशी जरा घट्ट धरतो.

आम्ही मात्र आज अगदीच चिमुकल्या गोळीसाठी आलोय. काडतूस पुरतं एक इंच लांब. त्यातल्या शिशाच्या गोळीचं वजन 40 ग्रेन, म्हणजे साधारण 2.6 ग्रॅम. पॉइंट टू टू. जाडी 0.22 इंच, एनसीसी केलेल्या कुणालाही ओळखीची. पोटावर झोपायचं, पाच राउंड, समोर 25 यार्डांवर टारगेट आणि डोक्यावर उस्ताद ओरडतोय, 'सांस रोको!' त्या पाच गोळ्या किती जवळजवळ पडल्या, ते म्हणजे ग्रुपिंग. माझा ग्रुप जेवणाच्या ताटाएवढा आला होता, म्हणून आज माझ्या हातात रायफल नाही, माइक आहे.

[दृश्य: फायरिंग पॉइंट. एक मुलगी मॅट अंथरते, जाड जॅकेटचे पट्टे आवळते.]

ही अकरावीत शिकते. राहते सातपूरला. वडील अंबड एमआयडीसीत टर्नर. रेंजवर तिला सगळे 'ताई' म्हणतात, वयाने मोठी मुलंसुद्धा. कारण सोपं आहे, तिचे गुण जास्त येतात.

या शहरात पोरांना पॉइंट टू टूचं वेड लागायला अलीकडे एक मोठं निमित्त झालं. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायची स्पर्धा) 451.4 गुणांवर कांस्य घेतलं. गडी मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, पण नेमबाजीचे सुरुवातीचे धडे गिरवले ते नाशकात. त्यामुळे त्या दिवशी पेढे दोन्हीकडे वाटले गेले.

[दृश्य: टारगेटचा अगदी जवळून शॉट. मधल्या वर्तुळावर मोजपट्टी.]

पन्नास मीटरवरचं हे दहाचं वर्तुळ. व्यास 10.4 मिलिमीटर. शर्टाच्या बटणाएवढं म्हणा. गोळी स्वतःच 5.6 मिलिमीटर जाड असते आणि तिची कड रेषेला नुसती शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून 8 मिलिमीटरच्या आत हवा. फायनलमध्ये दशांश मोजतात, तेव्हा दर 0.8 मिलिमीटरला एक दशांश हातचा जातो. 10.9, म्हणजे एका गोळीचे सर्वाधिक गुण, हवे असतील तर चूक एक मिलिमीटरचीसुद्धा परवडत नाही.

आता इतक्या बारीक हिशोबात नेमबाजाने श्वास सांभाळला, हात सांभाळला, ट्रिगर लोण्यासारखा दाबला. आणि गोळीच वाकड्या चालीची निघाली तर?

ताईच्या बाबतीत गेल्या हंगामात नेमकं हेच झालं.

[दृश्य: ताई, रेंजच्या बाकावर.]

ती सांगते, 'बालेवाडीला मॅच होती. आमच्या नेहमीच्या डब्या संपल्या होत्या. एका विक्रेत्याकडून तीच कंपनी, तोच रंग, तेच नाव बघून घेतल्या. झोपून मारताना पहिल्या दहातच चार नऊ. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. नेम धरायची साइट फिरवत बसले. वर गेली की खाली आणायची, खाली गेली की वर. पूर्ण सिरीज हातची घालवली.'

परतताना गाडीत वडिलांनी दोन रिकाम्या डब्या शेजारी धरल्या. नाव एकच. कोपऱ्यात छापलेला बारीक नंबर वेगळा. तो लॉट नंबर, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेल्या काडतुसांची ओळख.

[दृश्य: काळ्या कापडावर एक काडतूस. भिंग हळूहळू जवळ येतं.]

इथे जरा मागे जावं लागेल. परदेशात लहान कॅलिबरची रायफल घेऊन शिकार करणारे बरेच लोक काडतुसं घरीच भरतात. समजा 1950 साली आलेलं पॉइंट टू टू टू रेमिंग्टन. बार झाला की पितळेची रिकामी केस फेकायची नाही. तिच्या बुडाच्या मधोमध बसवलेला जळका प्रायमर (दारू पेटवणारा भाग) ठोकून काढायचा, नवा बसवायचा, दारू काट्यावर तोलायची आणि आपल्या बॅरलच्या पिळाला, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांना, मानवेल अशी बुलेट वर बसवायची. बुलेट लांब, तर पीळ घट्ट लागतो. आखूड असली तर सैल पिळावरही नीट फिरते. केस, प्रायमर, दारू, बुलेट, चारही गोष्टी ज्याच्या त्याच्या पसंतीच्या. असा माणूस या चौकडीवर रात्र रात्र बोलू शकतो, आपल्याकडे मिसळीच्या तर्रीवर बोलतात तसा.

आपल्याकडे ही वाट बंद आहे. शिकारीचा विषय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवला. आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणं 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 मध्ये बसत नाही. तेव्हा हा व्हिडिओ बघून कुणी घरी खटपट करू नये.

पण पॉइंट टू टूची गंमत अशी, की कायद्याने मोकळीक असती तरी हे काडतूस घरी सहजासहजी पुन्हा भरता आलं नसतं. हे बघा.

[दृश्य: वापरलेली केस. काठावर चौकोनी खळगी.]

बुडाच्या मधोमध काहीच नाही. प्रायमर दिसत नाही, कारण तो काठात आहे. ही जी दुमडलेली पितळी कड, रिम, ती आतून पोकळ असते. कारखान्यात स्फोटक मसाल्याचा ओला थेंब केसमध्ये टाकतात आणि केस गरगर फिरवतात. मसाला काठाच्या पोकळीत जाऊन बसतो. फायरिंग पिन रिमवर आपटली की रिम चेपते, मसाला पेटतो, दारू पेटते. चेपलेली रिम पुन्हा उभी राहत नाही. एकदा बार झाला की त्या केसची किंमत पितळेच्या भंगाराएवढी. 1887 मध्ये अमेरिकेत लाँग रायफल काडतूस आलं, तेव्हापासून ही रचना तशीच आहे.

थोडक्यात, चारही गोष्टी तुमच्यासाठी दुसऱ्याच कुणीतरी निवडलेल्या. तुमच्या हातात फक्त बंद डबी.

[दृश्य: सर. साठीपुढचे, ताठ कणा, लोकरीची टोपी.]

सर तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. बोलणं मोजकं. त्यांच्यापुढे मी एक काडतूस उचललं तर बोटांना चिकट लागलं.

'मेण आहे ते,' सर म्हणाले. 'पुसू नका.'

गोळी नुसत्या शिशाची, वर तांब्याचं कवच नाही. मेण नसेल तर शिसं बॅरलला चिकटत जाईल. प्रत्येक कंपनीचं मेण वेगळं. डबी बदलली की बॅरलच्या आतला जुना थर जाऊन नवा बसेपर्यंत दहा-पंधरा राउंड इकडेतिकडे जातात. माझ्या मते ताईच्या त्या चार नवांचं कारण एवढ्यानेच संपत नाही, कारण कंपनी तीच होती. खरी भानगड वेगात आहे.

मॅचची गोळी सेकंदाला साधारण 325 ते 330 मीटर वेगाने निघते. मुद्दाम आवाजापेक्षा कमी. 20 अंश तापमानाला आवाज 343 मीटर जातो. आजच्यासारख्या 8 अंशांच्या सकाळी 336. जी गोळी 380 ने सुटते, ती 50 मीटरच्या आसपासच आवाजाच्या वेगाखाली उतरते आणि उतरताना डुचमळते. म्हणून जास्त जोराची गोळी जास्त चांगली, हा हिशोब इथे उलटा पडतो.

आता कागद-पेन्सिल घ्या. 50 मीटर कापायला गोळीला सेकंदाचा साधारण सहावा भाग लागतो. तेवढ्यात ती बारा-साडेबारा सेंटिमीटर खाली येते. साइट त्या हिशोबाने लावलेली असते. पण एक गोळी 327 ने निघाली आणि पुढची 317 ने, तर दुसरी जवळपास साडेसात मिलिमीटर आणखी खाली पडते. म्हणजे एक अख्खं वर्तुळ. ताई साइट वर-खाली फिरवत होती, आणि गोळ्यांचा वेगच आपसात जुळत नव्हता.

चांगल्या लॉटमध्ये ही तफावत अगदी थोडी असते. तरीही एका बॅरलला आवडलेला लॉट शेजारच्या बॅरलला आवडेलच असं नाही. बार होताना बॅरल थरथरतं, आणि गोळी तोंडातून नेमकी कोणत्या थरथरीला बाहेर पडते, त्यावर बरंच काही ठरतं. चेंबरचं, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेचं, माप, पिळाची सफाई, सगळंच ज्याचं त्याचं. म्हणून जर्मनी-इंग्लंडमधल्या काही कंपन्या नेमबाजाची रायफल आपल्या बोगद्यात शिकंज्यात आवळून लॉटमागून लॉट झाडून दाखवतात. जो ग्रुप लहान, तो लॉट न्यायचा.

सातपूरहून जर्मनी लांब पडतं.

[दृश्य: रेंजच्या टोकाला जाडजूड लोखंडी सांगाडा.]

हे ताईच्या बाबांचं काम. भंगारात निघालेल्या लेथच्या बेडचा तुकडा, त्यावर दोन जबडे, आतून चामडं. सरांनी तीनदा परत पाठवला. एकदा जबडा बॅरलला टेकत होता म्हणून, एकदा नट सैल पडत होते म्हणून. तिसऱ्यांदा का, ते दोघंही सांगत नाहीत.

बाबांची मात्र एक वेगळीच कल्पना होती. त्यांचं आयुष्य मायक्रोमीटरवर गेलंय. ते म्हणाले, 'सर, रिमची जाडी मोजू या ना. जाडी सारखी, तर पिन सारखी बसणार.'

यात तथ्य आहे. हे काडतूस चेंबरमध्ये रिमवरच टेकतं. रिम जाड-बारीक झाली की पिनचा ठोका बदलतो. तेव्हा स्ट्राँगरूममधून रजिस्टरवर सही करून शंभर राउंड काढले. बाकावर कापड पसरलं. बाबा एकेक रिम मोजत गेले, ताई वहीत लिहीत गेली. 0.99. 1.00. 0.99. 0.99. 1.01. दोन तास चाललं. मग जाड वेगळ्या, बारीक वेगळ्या अशा झाडून बघितल्या. ग्रुपमध्ये सांगण्यासारखा फरक नाही.

बाबा मायक्रोमीटर पेटीत ठेवत म्हणाले, 'तिथल्या क्यूसीवाल्याने माझं काम आधीच करून ठेवलंय.'

जरा हिरमुसले होते. पण कौतुकही होतं आवाजात, एका कारागिराला दुसऱ्याचं असतं तसं.

[दृश्य: शिकंज्यात रायफल. सर डोळ्यावर चष्मा चढवतात.]

आज पाच लॉट. डब्यांवर पेन्सिलीने क, ख, ग, घ, च. 'ङ' कुणालाच लिहायचा नव्हता. प्रत्येक लॉटचे पंधरा राउंड नुसते मेण बसवायला, त्यानंतर दहा-दहाचे चार ग्रुप. मधे कुणी रायफलला हात लावायचा नाही, टेकायचं नाही, शिंकायचंही नाही, असं सर म्हणतात.

'ख' च्या सातव्या राउंडला नुसताच टिक् असा आवाज.

'थांब,' सर म्हणाले. रायफलच्या बोल्टला कुणी हात लावला नाही. नळी टारगेटकडेच. अर्धा मिनिट सगळे गप्प. मग सरांनीच राउंड बाहेर काढला. पिनची खूण व्यवस्थित होती. काठाच्या तेवढ्या भागात मसाला पोचला नसणार. रिमफायरला हे दुखणं जन्मजात आहे. सरांनी तो राउंड वेगळ्या डब्यात टाकला आणि 'ख' पुढे फुली मारली.

[दृश्य: पाच टारगेट एका रांगेत. व्हर्नियरचे जबडे भोकांच्या बाहेरच्या कडांवर.]

'क' सगळ्यांत महागाचा. त्याचा सर्वांत मोठा ग्रुप 24 मिलिमीटर. भोकांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजलं तर 21.6 च्या आत असलेलाच ग्रुप पूर्ण दहात बसतो, तोही अगदी मधोमध पडला तर. म्हणजे 'क' घेऊन देवालाही सगळे दहा मिळाले नसते. 'ग' 19. 'च' 20, पण उभा पसरलेला. वेगाचं दुखणं.

'घ' चे चारही ग्रुप 17 च्या आत. एक तर 14. डबी साधी, किंमत 'क' पेक्षा कितीतरी कमी.

बाबांनी व्हर्नियर पुन्हा लावला. मग सरांनी लावला. मग ताईने, तिसऱ्यांदा.

'भाऊ,' सर म्हणाले, 'या लॉटचे जेवढे मिळतील तेवढे बघा.'

इथून पुढचं काम रायफलीचं नाही, फोनाफोनीचं. एका सरावात दीडशे-दोनशे राउंड सहज जातात. लॉट एकदा संपला की तसाच परत होत नाही. म्हणून 'घ' मॅचपुरता राखायचा, सरावाला 'ग'. मॅचच्या आठवड्यात मात्र बॅरलने फक्त 'घ' खायचा. मे महिन्यात, नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की, दोन ग्रुप पुन्हा झाडून बघायचे, कारण उन्हात दारूही बदलते आणि मेणही.

[दृश्य: ताई 'घ' च्या डब्या ट्रंकेत रचते. झाकणावर पांढरी चिकटपट्टी, त्यावर लॉट नंबर.]

ती नंबर लिहिते. एकेक आकडा डबीशी पडताळून. बालेवाडीनंतर ती नाव वाचत नाही, आधी कोपरा बघते.

देवळालीकडून पुन्हा गडगडाट. पत्रा किंचित थरथरतो.

ताई हसत विचारते, 'सर, त्यांना बरं आहे. एवढा मोठा गोळा. लॉट-बिट कोण बघतंय?'

सर टोपी सारखी करतात.

'अगं, आम्ही काय करायचो वाटतं तुला? चार्जचा, तोफेच्या दारूचा, लॉट वेगळा, तर थप्पी वेगळी. मिसळला की मार बसायचा.'

'गोळ्याचा?'

'सुभेदाराचा.'